साधारण कारागीर पाहिजे

कापगते सरांचे आधी कान लाल व्हायचे, मग मान, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. त्यामुळे सर लाजले आहेत हे आमच्या गोंदियाच्या आयटीआयच्या स्टाफरूममध्ये मागे बसणाऱ्याला पुढच्यापेक्षा लवकर कळायचं. मी मागेच बसायची. मी पोरांना ड्रॉइंग शिकवायची आणि सर वेल्डिंग. दोघांचेही तास दुपारचे, त्यामुळे नोकरीतल्या पुष्कळशा सकाळी मी त्यांचे कान बघण्यात घालवल्या आहेत.

लाजायला त्यांना मोठं कारण लागत नसे. चहावाल्यानं पहिला कप त्यांच्यापुढे ठेवला की लाजले. शिपाई उठून उभा राहिला की लाजले. प्राचार्य दुसऱ्याच कोणाला झापत असतील तर झापून घेणारा निवांत असायचा आणि हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. घर फुलचूरला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. येताना रस्त्यात आपले विद्यार्थी पायी चाललेले दिसले की स्कूटरवरून उतरायचे आणि पेट्रोल संपल्यासारखं करून ती ढकलत यायचे. एकदा एका पोरानं खरंच कुठून तरी बाटलीभर पेट्रोल आणून दिलं. सरांनी ते मुकाट्यानं टाकीत ओतलं, स्कूटर सुरू केली आणि त्या पोराला मागे बसवून आणलं. नंतर आठवडाभर ते त्याची नजर चुकवत होते.

मला सुरुवातीला हे सगळं नाटक वाटायचं. मी तशी फटकळ. मला लाजणाऱ्या माणसांचा कंटाळा येतो, कारण त्यांच्या वाटचं बोलणंही आपल्यालाच करावं लागतं. पण वर्कशॉपमध्ये हाच माणूस वेगळा असायचा. पोरांनी जोडलेले तुकडे टेबलावर मांडलेले असायचे आणि सर हातोडीनं एकेकावर टिचकी मारत, आवाज ऐकत पुढे सरकायचे. रस धातूत नीट न उतरता वरवर बसला असेल तर म्हणायचे, "हे लाजलं आहे." जास्त वेळ धरून जाळून टाकलेलं असेल तर, "हे माजलं आहे." बरोबर जमलेल्याला नाव नव्हतं. ते आलं की सर नुसते पुढच्या तुकड्याकडे जायचे, आणि त्या पोराला काय मिळालं ते त्याला कळायचं.

कोणी कौतुक केलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "यात माझं काय आहे जी?" मशीन सरकारचं, लोखंड सरकारचं, हात पोरांचे. एवढं बोलून ते उठून जायचे.

टीकाराम ह्या सगळ्याच्या अगदी उलट होता. सडक अर्जुनीकडच्या एका खेड्यातला हा पोरगा आमच्याकडे शिकायला आला तो पहिल्या दिवसापासून स्वतःची तारीफ करत आला. स्वतः केलेला जोड हातात घेऊन वर्गभर फिरवायचा. "असं गोंदियात कोणाले जमते का सांगा?" असं तो मलाही विचारायचा, आणि मला वेल्डिंगमधलं काही कळत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. मी त्याला एकदा चांगला दम भरला. सर मध्ये पडले.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "त्याले बोलू द्या. मले ऐकाले बरं वाटते."

सरांना स्वतःबद्दल एक शब्द काढता येत नव्हता, आणि हा पठ्ठ्या दिवसभर स्वतःबद्दलच बोलायचा. सर त्याच्याकडे, घरात कोणालाच गाता येत नसताना एखादं पोर गायला लागावं, तसे बघायचे. माझ्या माहितीत सरांनी एवढं प्रेम दुसऱ्या कोणत्या विद्यार्थ्यावर केलं नाही. पुढे टीकारामनं सडक अर्जुनीला हायवेवर दुकान टाकलं, तेव्हा नारळ फोडायला सरच गेले होते. दुकानावर त्यानं लाल अक्षरांत पाटी रंगवून घेतली. वर 'टीकाराम वेल्डिंग वर्क्स' आणि खाली, 'जे कोनालेच सुचत नाई ते इथं होते'. सरांनी परत आल्यावर ती पाटी स्टाफरूममध्ये प्रत्येकाला तोंडपाठ म्हणून दाखवली.

आता सरांच्या एका जोडाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं. आमच्याकडे धानाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पोत्यांनी इतक्या भरतात की चाकं दिसत नाहीत. ट्रॉलीचा पुढचा दांडा, जो ट्रॅक्टरच्या हुकात अडकतो, तो मागे जिथे सांगाड्याला वेल्ड केलेला असतो तिथे हटकून तडकतो. सरांनी त्याच्यावर उपाय काढला. दांड्याच्या पाइपाचं टोक माशानं तोंड उघडल्यासारखं कापायचं, सांगाड्याची पट्टी त्या तोंडात घालायची आणि दोन्हीकडून वेल्ड करायची. मात्र वेल्डिंग कडेपर्यंत न्यायचं नाही. शेवटी अंगठ्याएवढी जागा मोकळी सोडायची. तडा नेहमी कडेपासून सुरू होतो, आणि कडेला थोडं हलायला जागा ठेवली तर तो सुरूच होत नाही.

हे त्यांना सुचलं कुठून, ते मी त्यांच्या गावी गेले तेव्हा पाहिलं. सर कोहळी समाजातले. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं घर. गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभं राहून त्यांनी मला दाखवलं, की जुन्या पाळीला नवी माती जोडताना ती सरळ चिकटवत नाहीत. जुनी पाळ आत खाच पाडून कापतात, नवी माती त्या खाचेत बसवतात, आणि कडेची हातभर माती पहिल्या वर्षी धुम्मस मारून ठोकत नाहीत, तिला आपोआप बसू देतात. सरांचे काका तिथेच बैल धूत होते. सर त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे याईले माहीत आहे, याईच्या बापाले माहीत होतं. यात माझं काय आहे जी?"

सरांनी तो जोड पोरांना शिकवला, पोरांनी हायवेवरच्या दुकानांत नेला, आणि बघता बघता त्याला 'कापगते जोड' नाव पडलं. सर त्या नावानं इतके कानकोंडे व्हायचे की हायवेनं जाताना दुकानांच्या पाट्या वाचायचे नाहीत. पण खरी पंचाईत वेगळीच होती. गिऱ्हाईक ट्रॉली न्यायला आलं की त्याला ती कडेची मोकळी जागा दिसायची. आमच्याकडचं गिऱ्हाईक काय म्हणणार? "काऊन रे, रॉड वाचवून राहिला का? भर पुरं." आणि दुकानदार भरून द्यायचा. टीकाराम सोडला तर सगळेच द्यायचे. नाव कापगते जोडच राहायचं, आणि नेमका भरलेल्या जागेतून तो तुटायचा.

अशीच एक ट्रॉली माणसं भरून कचारगडच्या यात्रेला चालली होती. सालेकशाच्या पुढच्या चढावर दांडा निसटला आणि ट्रॉली मागे घसरत बांधाला अडकली. कोणी मेलं नाही, पण एका म्हातारीचा हात दोन ठिकाणी मोडला. सर तिला बघायला दवाखान्यात गेले. मी सोबत होते. हा जोड आपल्या नावाचा आहे हे सांगायची काही गरज नव्हती. सरांनी तरी सांगितलं. म्हातारी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुमचं नाव होतं म्हनूनच बसलो जी आमी." सर कॉटच्या कडेला हात धरून उभे होते. त्यांना बाहेर आणायला मला त्यांचा दंड धरावा लागला.

पेटंट काढायचं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. पैशाचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता, असता तर ते कधीच बोलले नसते. कोणी तरी त्यांना सांगितलं होतं की पेटंट असलं म्हणजे जोड कसा करायचा आणि कसा नाही हे तुम्हाला ठासून सांगता येतं, नाव लावून चुकीचं करणाऱ्याला थांबवता येतं. आकृत्या मी काढल्या. पण अर्जात 'माझा दावा असा की' अशी सुरुवात करावी लागते, आणि जन्मभर 'यात माझं काय' म्हणणाऱ्या माणसाकडून दावा लिहून घेणं म्हणजे काय असतं ते मलाच माहीत. प्रत्येक वाक्यानंतर ते म्हणायचे, "मॅडम, हे जरा कमी नाही का करता येनार?"

कित्येक महिन्यांनी पेटंट कार्यालयाचा नकार आला. त्यात म्हटलं होतं की पाइपाला असं तोंड कापण्याची माहिती एका परदेशी कागदात आधीच आहे, वेल्डिंग कडेच्या अलीकडे थांबवण्याची दुसऱ्या कागदात आहे, आणि ह्या दोन गोष्टी एकत्र करणं ह्या धंद्यातल्या कोणत्याही साधारण कारागिराला सहज सुचलं असतं. म्हणजे शोध नाही. मी संतापले. सरांचा चेहरा मात्र ओझं उतरल्यासारखा झाला.

"बरोबर म्हनतात ते," सर म्हणाले. "कोनालेही सुचन."

पण म्हातारीचा हात त्यांच्या डोक्यातून जात नव्हता, म्हणून अपिलासाठी आम्ही नागपूरच्या एका वकीलसाहेबांकडे गेलो. तिथेही सर हेच बोलले. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नका. अपील हवंय ना? मग मला सांगा, कोणालाही सुचणारं असतं तर हायवेवरचा प्रत्येक जण ती जागा भरून का टाकतोय?" सरांनी हळूच तलावाची गोष्ट काढली. वकीलसाहेब आधी खूश झाले, आणि मग एकदम गंभीर. गावात पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली गोष्ट निघाली तर परंपरागत ज्ञान म्हणून अर्ज तिथेच बाद होईल, तेव्हा तलाव हा शब्दही कोर्टात नको, असं त्यांनी बजावलं. सरांनी मान डोलावली. येताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि वाटेत तलाव लागले की डोळे मिटून घेत होते.

तलाव गेल्यावर उरला तो साधारण कारागीर. वकीलसाहेबांनी आम्हाला समजावून सांगितलं की कायद्यात असा एक माणूस धरलेला असतो. त्याला धंद्यातलं सगळं माहीत असतं, पण स्वतःचं असं काही सुचत नाही. मी स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एकाच वेळी प्राचार्यांच्या केबिनकडे पाहिलं. हसण्यावारी गेलं. पण वकीलसाहेबांना असा खराखुरा माणूस हवा होता, ज्यानं शपथेवर लिहून द्यायचं की मी बरीच वर्षं हे काम करतो, ह्या दोन्ही गोष्टी मला सुट्या सुट्या माहीत होत्या, पण त्या जोडायचं मला सुचलं नाही आणि सुचणं शक्यही नव्हतं.

सरांना हायवेवरच्या कोणापुढेही जाऊन 'तू साधारण आहेस असं लिहून दे' म्हणायची छाती नव्हती. ज्याच्यापुढे त्यांना मोकळं बोलता येत होतं असा कारागीर एकच होता. त्यांनी टीकारामला फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही, पण ते अंगणात जाऊन बोलले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मी सरांबरोबर सडक अर्जुनीला गेले, कारण इंग्रजीतलं प्रतिज्ञापत्र त्याला मराठीत नीट समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. सोबत दुकानाचा फोटोही जोडायचा होता, माणूस खरंच ह्या धंद्यात आहे हे दिसावं म्हणून. बसमधून उतरलो तर टीकाराम शिडीवर होता, हातात चुन्याची बादली. पाटीवर वरती त्याचं नाव तसंच होतं. खालची लाल ओळ त्यानं चुन्यानं पुसून टाकली होती. चुना अजून ओला होता.

"हे काऊन केलं रे?" सरांनी विचारलं.

"फोटोत आलं तं वकील बोंबलन ना जी," टीकाराम शिडीवरूनच म्हणाला. "इकडे लिवाचं मले काही सुचत नाई, अन्‌ पाटीवर हे. मी काही येडा नोहो."

त्या दिवशी सरांचे कान लाल झाले नाहीत. ते पांढरे पडले. मी कागद वाचून दाखवला. प्रत्येक वाक्य मराठीत सांगितलं, काही लपवलं नाही. 'शोधक बुद्धी नसलेला साधारण कारागीर' हे शब्द मी शक्य तितके भरभर उरकले, पण टीकारामनं ते पुन्हा म्हणायला लावले आणि ऐकून घेतले. "लिवा जी. सरांच्या समोर मी साधाच आहो," असं म्हणून त्यानं सही केली, आणि आमच्यासाठी ढाब्यावरून चहा मागवला. मला सरांचा राग आला होता. परतताना मी तो बोलूनही दाखवला. हे थांबवा, म्हटलं.

"बाईचा हात मोडला मॅडम," सर म्हणाले. "माह्या नावानं अजून कोनाचं मोडू देऊ का?"

मी प्रतिज्ञापत्र पिशवीत ठेवलं.

हायकोर्टातली सुनावणी आम्ही सरांच्या घरी लॅपटॉपवर पाहिली. टीकाराम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि खुर्चीवर न बसता सतरंजीवर, पडद्याच्या अगदी पुढे बसला होता. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. न्यायमूर्तींनी त्याचं प्रतिज्ञापत्र उघडलं आणि विचारलं की ह्या कारागिराला इतक्या वर्षांत स्वतःचं असं काहीच सुचलं नाही का? वकीलसाहेब वाकून म्हणाले, नाही, आणि तोच आमचा मुद्दा आहे. आपलं नाव आलेलं टीकारामला कळलं. त्यानं वळून विचारलं, "काय म्हनून राहिले जी?"

मी काही तरी गोलमाल सांगणार होते. पण सरांना खोटं बोलता येत नव्हतं, ही त्यांची जन्माची अडचण. ते म्हणाले, "तुले काही सुचत नाई, असं म्हनून राहिले."

"बरोबर आहे," टीकाराम म्हणाला आणि पडद्याला त्यानं हात जोडले. "मंग आपलं काम झालं ना?"

काम झालं. अपील मंजूर झालं, पेटंट मिळालं. आयटीआयमध्ये सरांचा सत्कार ठरला आणि सर त्या दिवशी रजेवर गेले. पण निकाल कोणालाही वाचता येतो, आणि एका बातमीदारानं तो वाचला. बातमीचा मथळा सरांवर होता. खाली चौकटीत टीकारामचं नाव, गावाचं नाव, आणि 'मला सुचणं शक्य नव्हतं, कारागिराची कबुली'. कबुली, जणू त्यानं कुठे दरोडा घातला होता.

हायवेवर ती बातमी हातोहात फिरली. ट्रकवाले दुकानासमोर गाडी हळू करून ओरडायचे, "क्यों टीकाराम, कोर्ट बोला तेरे को कुछ सूझता नहीं?" टीकाराम पहिल्यांदा हसला. मग त्यानं हसणं सोडलं, मग बोलणंही कमी केलं. पाटीवरची ती ओळ त्यानं पुन्हा रंगवलीच नाही. आणि मग सरांना त्याचे फोन यायला लागले. जे काम तो डोळे मिटून करायचा, त्याच्यासाठी फोन. सर, इथं पट्टी आतून लावू का बाहेरून? सर, हा कोपरा आधी धरू का तो? सर उत्तर द्यायचे आणि फोन ठेवल्यावर तसेच बसून राहायचे. त्यानं स्वतः ठरवावं म्हणून काही दिवस त्यांनी फोन उचलला नाही, तर त्यानं ते काम तसंच ठेवून दिलं आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं.

गोंदियात हवी तेवढी दुकानं असताना मी माझ्या घराचं फाटक मुद्दाम टीकारामकडे करायला टाकलं. म्हटलं, जरा फुशारकी मारेल, पूर्वीसारखा. त्यानं माझ्याकडे नकाशा मागितला. "मॅडम, सळई किती इंचावर लावाची ते लिवून द्या," म्हणाला. मी लिहून दिलं. घरी आल्यावर मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

सर तोवर निवृत्त झाले होते. पेटंटचा कागद मिळाला तसा त्यांनी कपाटामागे सरकवून ठेवला होता. ज्यासाठी एवढं केलं, हायवेवर दुकानोदुकानी जाऊन 'जागा भरू नका' म्हणून ठासून सांगायचं, ते त्यांनी एकदाही केलं नाही. सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि त्या रस्त्यावर ते मान वर करून चालतही नव्हते. त्याऐवजी ते बसनं टीकारामच्या दुकानात जायला लागले, त्याच्या हाताखाली काम करायला. गिऱ्हाईक समोर असलं की सर मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "टीकाराम, हे कसं करू? तू सांग." मला हे टीकारामच्या बायकोकडून कळलं. तिला ते आवडत नव्हतं.

सरांना त्या दुकानात मी शेवटचं पाहिलं ते फाटक आणायला गेले तेव्हा. दुकानासमोर एक ट्रॉली उभी होती आणि तिचा मालक त्याच्या भावाला घेऊन बाकावर बसला होता. मला खुर्ची मिळाली. सर ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याशी वाकून वेल्डिंग करत होते. काम झाल्यावर त्यांनी वरची खपली झाडली, आणि मी पाहतच राहिले. ओळ वाकडीतिकडी होती, मध्येच गोळे आणि मध्येच भोकं. पहिल्या आठवड्यातल्या पोराचा असा तुकडाही सरांनी कधी टेबलावर राहू दिला नव्हता.

"टीकाराम, बिघडलं रे," सर मालकाला ऐकू जाईल असे म्हणाले. "मले नाई जमत आता. तूच पाहा."

टीकाराम आला. त्यानं वाकून ती ओळ पाहिली, बराच वेळ पाहिली. मग सरांच्या हातातून रॉडचा होल्डर घेतला. "बाजूले व्हा सर," तो म्हणाला. ग्राइंडरनं त्यानं सगळं साफ केलं आणि एका दमात नवी ओळ ओढली. मालकाचा भाऊ हसला. "सरांले शिकवून राहिला का रे टीकाराम?"

"मंग?" टीकाराम म्हणाला. "मोठ्या मोठ्याईले शिकवा लागते." आवाज जुनाच होता, वर्गभर जोड फिरवणाऱ्या पोराचा. सरांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी त्याआधी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते चक्क हसत होते. मलाही बरं वाटलं.

ट्रॉली गेली. टीकारामनं मशीन बंद केलं आणि सर बसले होते तिथे त्यांच्यासमोर उकिडवा बसला. तो हळू बोलला, पण मी जवळच होते.

"सर, मुद्दाम नोका बिघडवू जी. गिऱ्हाईक फसन, मी कसा फसीन? मी तुमच्याच हाताखाली शिकलो."

सर खाली पडलेली खपली गोळा करायला लागले.

"पेपरात आलं तवा मले एवढी लाज नाई वाटली," टीकाराम म्हणाला, "जेवढी आता वाटून राहिली."

तो उठला आणि माझं फाटक टेम्पोत चढवायला गेला. सरांनी बाजूला ठेवलेली वेल्डिंगची काळी काच उचलली आणि तोंडासमोर धरली. दुकानात वेल्डिंग कुठेच चाललं नव्हतं. टीकारामनं फाटक चढवलं, दोऱ्या आवळल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली. टेम्पो हायवेला लागल्यावर मी मागे वळून बघितलं, तर सर तसेच काच धरून बसलेले होते.